उघडलेली सिलिकॉनची नळी टिकवायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाच्या आधी टिनाचे स्क्रू, कुलरची टाकी, सिंकचे सांधे अशी बारीकसारीक कामं गावोगाव निघतात. सांधे बुजवायला आणलेल्या नळीतलं निम्मं सिलिकॉन उरतं. दिवाळीच्या रंगकामाला ते काढावं तर आत रबर झालेलं असतं, आणि नवीन आणायचं तर तालुक्याला चक्कर. याबद्दल जे प्रश्न सारखे येतात त्यांची उत्तरं एका जागी लिहिली आहेत. माल पिळायच्या गनमध्ये बसते ती मोठी 'नळी' आणि हाताने पिळायची ती छोटी 'ट्यूब', असं इथे धरलं आहे.

१. झाकण लावून ठेवलं होतं, तरी सिलिकॉन आतल्या आत घट्ट काहून झालं?

कारण सिलिकॉनला घट्ट व्हायला ऊन लागत नाही, ओल लागते. हवेतली वाफ मालात शिरली की रेणूंच्या साखळ्या एकमेकींत जुळतात आणि मऊ मालाचं रबर होतं. वरची साय १० ते २० मिनिटांत धरते. पहिल्या २४ तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटर खोलीपर्यंतचा माल पक्का होतो. त्यानंतर वेग मंदावतो, कारण आतल्या मालापर्यंत पोचायला वाफेला आधी तयार झालेल्या रबरातून वाट काढावी लागते. ही मंदावलेली गती आपल्या फायद्याची आहे, ते प्रश्न ५ मध्ये येईल.

नळीसोबत मिळणारं टोकाचं टोपण बहुधा सैल असतं. धूळ थांबते, वाफ थांबत नाही. नोझलला 'वाळू नये म्हणून' ओलं फडकं गुंडाळणारे तर सिलिकॉनला जे हवं तेच आणून देतात. शिवाय नळीचं प्लास्टिकही महिनोन् महिने थोडी थोडी वाफ आत सोडत असतं. म्हणूनच सीलबंद नळीवरही मुदत छापलेली असते, बहुतेक वेळा १२ महिन्यांच्या आसपास.

२. माझ्याकडची नळी सिलिकॉनची आहे की अ‍ॅक्रेलिकची, कसं ओळखू? लेबल पुसलं गेलं आहे.

थेंबभर माल बोटावर घ्या आणि नळाखाली धरा. पाण्याने दुधाळ होऊन धुतला गेला तर अ‍ॅक्रेलिक, म्हणजे रंगारी ज्याला गॅप फिलर म्हणतात ते. पाण्याने काहीच झालं नाही, बोट तेलकट-चिकट राहिलं, तर सिलिकॉन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. मग वास घ्या. व्हिनेगरसारखा नाकात जाणारा आंबट वास आला तर ते साधं, म्हणजे अ‍ॅसिटिक सिलिकॉन. आंबट वास नसेल पण माल सिलिकॉनसारखा तुळतुळीत असेल, तर बहुधा न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणारं.

ही ओळख आधी पटवा, कारण ठेवायची रीत दोघांची उलटी आहे. सिलिकॉनला बाहेरची ओल आत येऊ द्यायची नाही, अ‍ॅक्रेलिकमधली ओल बाहेर जाऊ द्यायची नाही. विदर्भात पावसाळा पहिल्याचा वैरी आणि उन्हाळा दुसऱ्याचा. सगळ्या नळ्या एकाच पिशवीत कोंबून माळ्यावर टाकल्या, की दोन ऋतूंत दोन्ही जातात.

३. काम आजच संपलं, अर्धी नळी उरली. बंद करायची नेमकी रीत सांगा.

आधी गनच्या मागची पत्ती अंगठ्याने दाबून दांडा मागे ओढा. दाब तसाच राहिला तर माल कितीतरी वेळ नोझलमधून येत राहतो आणि सकाळी गनखाली पांढरा गोळा सापडतो. नळी गनमधून काढून ठेवलेली बरी.

दोन-चार दिवसांत पुन्हा लागणार असेल तर फार खटाटोप नको. बोटाच्या पेराएवढी शेपटी नोझलबाहेर येऊ द्या आणि तिला हात लावू नका. ती रबर होते. पुढच्या वेळी पकडीने धरून सावकाश ओढली की नोझलच्या टोकातलं बूचही तिच्याबरोबर निघतं.

महिनाभर ठेवायची असेल तर नोझल फिरवून काढा. त्यातला ओला माल मागच्या बाजूने काडी घालून बाहेर ढकला आणि कागदाने पुसून घ्या. नळीच्या तोंडाशी पोकळी दिसत असेल तर मागची चकती बोटाने किंचित दाबा, म्हणजे माल काठापर्यंत येईल आणि मध्ये हवा राहणार नाही. मग दुधाची पन्नी धुऊन, पूर्ण सुकवून, तिचा दुहेरी चौकोन तोंडावर ठेवा आणि त्याच्यावरूनच नोझल पुन्हा आट्यांवर घट्ट फिरवा. सिलिकॉन या पन्नीला चिकटत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी ती सालीगत सुटते. पन्नीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा घातला तर आणखी चांगलं, फॉइलमधून वाफ जात नाही. आट्यांभोवती नळाचा टेफ्लॉन टेप किंवा वायरमनचा काळा टेप दोन वेढे ओढून लावा.

हे सगळं जमायला नळी पहिल्यांदा उघडतानाच एक काळजी घ्यावी लागते. तोंड कापताना आट्यांच्या वर कापा. घाईत आट्यांतूनच सुरी चालवली की नोझल कायमचं डगमगतं, आणि पुढे कितीही टेप गुंडाळा, हवा आत जातेच. नोझलचं टोकही एकदम जाड कापू नका. बारीक तिरपं कापा, लागलं तर पुन्हा थोडं कापता येतं.

४. आमचा मिस्त्री नोझलमध्ये खिळा खोचून ठेवतो. चालतं का?

चालतं, पण स्क्रू जास्त बरा. गुळगुळीत खिळ्याच्या कडेने वाफ जायला जागा राहते, आणि काढताना नुसता खिळा हातात येतो, बूच आतच राहतं. नोझलच्या भोकापेक्षा किंचित जाड, लांब, मोठ्या आट्यांचा स्क्रू फिरवून बसवा. आट्यांत माल धरतो आणि काढताना पकडीने सरळ ओढला की रबराची कांडी घेऊनच बाहेर येतो. फार जाड स्क्रू घातला तर नोझल उभं चिरतं, मग सगळंच वाया.

साधं लोखंड अ‍ॅसिटिक सिलिकॉनमध्ये गंजतं. पांढऱ्या मालात तांबूस ओघळ दिसले तर तो भाग पिळून फेका, टाइल्सच्या सांध्यावर डाग दिसतो. स्टीलचा स्क्रू मिळाला तर हा प्रश्न येत नाही.

५. नोझलमध्ये रबराचं बूच बसलं आहे. आतला माल गेला म्हणायचा का?

बहुतेक वेळा नाही. प्रश्न १ मध्ये सांगितल्याप्रमाणे थर जाड होत जातो तशी घट्ट होण्याची गती कमी होते, म्हणजे नोझलमधलं बूच हेच आतल्या मालाचं फुकटचं झाकण. म्हणून 'साफ करून ठेवतो' म्हणत ते आधीच उपटू नका. काम सुरू करायच्या वेळीच काढा.

काढण्यासाठी नोझल फिरवून वेगळं करा आणि मागून जाड तार, सायकलच्या चाकाची जुनी तार उत्तम, घालून बूच पुढे ढकला. सिलिकॉन नोझलच्या प्लास्टिकला घट्ट धरत नाही, निघतं. फारच त्रास दिला तर दुसरं नोझल लावा. हार्डवेअरच्या दुकानात सुटं नोझल मिळतं, दोन-तीन घरात असलेली बरी.

बूच असताना गनचा घोडा जोर लावून दाबायचा नाही. माल पुढून वाट मिळत नाही म्हणून मागच्या चकतीच्या कडेने उलटा येतो, चकती तिरपी होते आणि नळी दोन्हीकडून उघडी पडते. अशी नळी त्याच दिवशी संपवा, ती टिकणार नाही.

बूच काढल्यावर पहिला इंचभर माल कागदावर पिळा. गाठी असतील तर गाठी संपेपर्यंत फेका.

६. नीट बंद केली तर किती दिवस टिकेल?

पन्नी लावून बंद केलेलं सिलिकॉन महिना-दीड महिना बिनघोर धरा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत त्याहून जास्त जातं. मृगाआधी उघडलेली नळी पोळ्यापर्यंत गेली तर चांगली गेली म्हणायची. अ‍ॅक्रेलिक नीट झाकलं तर कित्येक महिने टिकतं. नळी पाव भरलेली असेल तर अर्ध्या भरलेलीपेक्षा लवकर जाते, हेही गृहीत धरा. चकती पुढे सरकल्यावर मागची भिंत उघडी पडते आणि तिच्या कडेने वाफ आत शिरते.

उघडल्याची तारीख मार्करने नळीवर लिहा. छापलेली मुदत सीलबंद नळीची असते, उघड्या नळीला ती लागू नाही.

७. घरावर टिन आहे, उन्हाळ्यात घर भट्टीसारखं तापतं. नळी ठेवू कुठे?

बहुतेक लेबलांवर २५ ते ३० अंशांच्या आत, थंड कोरड्या जागी ठेवा, असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे अकोला, वर्धा, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाखालच्या माळ्यावर त्याहूनही अधिक. तेव्हा लेबलाप्रमाणे जागा मिळणार नाही, घरातली त्यातल्या त्यात थंड जागा शोधायची. मातीच्या किंवा जाड विटांच्या भिंतीची खोली, जमिनीलगतचा कपाटाचा खालचा खण, असं काही. माळा, गच्चीवरची खोली, ट्रॅक्टरचा टूलबॉक्स आणि उन्हात उभ्या गाडीची डिक्की, या चार जागा सोडा.

कुलरची खोली थंड असते म्हणून बरेच जण तिथे ठेवतात. ही चूक सगळ्यात जास्त दिसते. कुलर पाण्याची वाफ करूनच हवा थंड करतो, म्हणजे नळीला गारवा मिळतो तो ओलीसकट. गंमत अशी की मे महिन्यातली बाहेरची हवा इतकी कोरडी असते की ओलीच्या बाबतीत सिलिकॉनला ती सोसते. उष्णतेने मालाचं वय घटतं, पण ते हळूहळू. कुलरसमोरच्या ओलीने नोझल काही दिवसांतच बसतं.

८. पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली तर?

नको. तांदूळ ओल ओढतो, पण फार कमी, आणि रसायनाच्या नळीसोबत ठेवलेले तांदूळ खाणार कोण? घट्ट झाकणाचा जुना स्टीलचा किंवा प्लास्टिकचा डबा घ्या आणि त्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. डबा दरवेळी उघडला की त्या ओल पितात आणि काही काळाने भरून जातात. उन्हाळ्यातल्या पुड्या श्रावणात काही कामाच्या राहत नाहीत. मिळतील तेव्हा नव्या बदला.

या डब्यात अ‍ॅक्रेलिक ठेवू नका. कारण प्रश्न १० मध्ये.

९. फ्रिजमध्ये ठेवू का?

अन्नाच्या फ्रिजमध्ये नको, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. ट्यूब टूथपेस्टसारखीच दिसते. दुकानाचा वेगळा फ्रिज असेल आणि ठेवलीच, तर नळी पन्नीत घट्ट बांधा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पन्नी सोडू नका. गार वस्तूवर दव धरतं आणि ते थेट नोझलवर उतरतं. अ‍ॅक्रेलिक बर्फाच्या कप्प्यात तर कधीच नाही. त्यात पाणी असतं, गोठलं की माल फाटतो आणि पुन्हा एकजीव होत नाही.

१०. गॅप फिलरला पण पन्नी, सिलिका जेल सगळं तसंच करायचं ना?

पन्नी हो, सिलिका जेल नाही. अ‍ॅक्रेलिकमधलं पाणी उडालं की ते घट्ट होतं, म्हणून ओल ओढणारी कोणतीही वस्तू त्याच्या जवळ नको. नोझलच्या टोकावर ओल्या कापडाची चिंधी आणि तिच्यावर घट्ट बांधलेली पन्नी, ही जुन्या रंगाऱ्यांची रीत अ‍ॅक्रेलिकला अगदी योग्य आहे. सिलिकॉनला तीच रीत मारक, प्रश्न १ पाहा. टोक थोडं घट्ट झालं असेल तर नोझल काढून कोमट पाण्यात भिजवा. अगदी वाळून गेलेलं मात्र भिजत नाही.

११. व्हॅसलीन किंवा गोडं तेल लावून ठेवलं तर हवा जाणार नाही ना?

थोडीफार थांबेल, पण तेलकट माल सांध्यावर गेला की तो भिंत धरत नाही. लावलंच असेल तर पुढच्या वेळी पहिले दोन-तीन इंच माल फेकून द्या. पन्नी फुकटात मिळत असताना हा उद्योग कशाला, असं आमचं मत.

१२. मुदत संपलेली नळी आहे, आत माल मऊ लागतो. वापरू का?

मऊ आहे म्हणजे चांगला आहे असं नाही. जुनं सिलिकॉन कधी कधी उलटं बिघडतं, म्हणजे बाहेर काढल्यावर घट्टच होत नाही आणि आठवडाभर चिकट राहतं. सिंकला लावून मग कळण्यापेक्षा आधी पन्नीवर बोटभर धार ओढा. तासाभरात साय धरली आणि दुसऱ्या दिवशी सोलून ताणल्यावर रबरासारखी परत आली, तर वापरा. बोटाला चिकटत असेल किंवा तुटत असेल तर फेका. नळी विकत घेतानाही उत्पादनाची तारीख पाहा, आणि दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात मांडलेली घेऊ नका.

१३. सिंकचं उरलेलं सिलिकॉन टिनाच्या स्क्रूंना आणि कुलरच्या टाकीला लावू का?

आंबट वासाचं असेल तर नको. घट्ट होताना त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल बाहेर पडतं आणि ते टिनावरच्या जस्ताच्या थराला खातं. पहिला पावसाळा निभावतो, नंतर स्क्रूभोवती गंज फुटतो. सिमेंटच्या गिलाव्यावरही ते नीट धरत नाही, आणि आरशामागे लावलं तर आरशाला काळे डाग पडतात. टिन, कुलरचा पत्रा, सिमेंट आणि आरसा यांना न्यूट्रल घ्या. काच, चिनी माती आणि चकचकीत टाइल्स यांना आंबटवालं चांगलं.

कुलरची टाकी आधी खरवडून, पुसून पूर्ण कोरडी करा. सिलिकॉन लावल्यावर किमान २४ तास पाणी भरू नका, धार जाड असेल तर आणखी एक दिवस. घरचे गरमीने ओरडतील, पण पाणी भरलं की सांधा पुन्हा सुटणार.

१४. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून?

नाही. न्हाणीघर-सिंकसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं औषध मिसळलेलं असतं. लेबलवर पिण्याच्या पाण्यासाठी चालतं असं स्पष्ट लिहिलं असेल तरच लावा.

१५. पीयू सीलंट आणि फोमचा डबा यांनाही हेच लागू का?

पीयूही ओलीनेच घट्ट होतं, पण सिलिकॉनइतकं सोशिक नाही. फॉइलच्या लांब पुडक्यातलं पीयू एकदा कापलं की त्याच दिवशी संपवायचं, असंच धरून काम काढा. नळीतलं असेल तर प्रश्न ३ ची पन्नीची रीत वापरून काही दिवस जातं.

फटीत मारल्यावर फुगणाऱ्या फोमच्या डब्याची गोष्ट निराळी. पातळ नळकांडीवाला डबा थांबला की नळकांडीतला फोम बसतो. तो ओला असतानाच अ‍ॅसिटोनने धुवावा लागतो, वाळल्यावर कशानेही विरघळत नाही. डब्यात दाबाखालचा वायू असतो आणि ५० अंशांच्या वर ठेवू नका असं त्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत एवढी उष्णता सहज होते. डबा फुटू शकतो.

१६. एम-सील, फेविक्विक आणि पाइपचं सोल्युशन कसं टिकवायचं?

एम-सीलच्या दोन कांड्या वेगवेगळ्या पन्नीत ठेवा. एकमेकींना टेकल्या की त्या जागी कडक पापुद्रा येतो, तेवढा कापून टाकला की बाकीचा माल चालतो. एकदा मळलेला गोळा मात्र काही केल्या ठेवता येत नाही.

फेविक्विकही ओलीवरच घट्ट होतं. टोक टिचकी मारून मोकळं करा, टोपण लावून उभं ठेवा. टोक पुसायला किंवा बूच म्हणून कापसाचा बोळा वापरू नका. कापसाला ते लागलं की झटक्यात तापतं, धूर येतो आणि बोट भाजतं. घरोघर कापूस असलेल्या आपल्या भागात हे मुद्दाम सांगावं लागतं.

पाइपच्या सोल्युशनचं झाकण आणि डब्याची कड पुसूनच लावा. जेलीसारखं झालं की त्यात पेट्रोल किंवा थिनर ओतून पातळ करण्यात अर्थ नाही, जोड कच्चा राहतो आणि मोटार सुरू केली की शेतात पाइप सुटतो. हे सोल्युशन भडका घेतं, चुलीपासून लांब ठेवा.

१७. नळी पूर्ण रबर झाली. थिनरने पातळ होईल का?

होणार नाही. एकदा जुळलेल्या साखळ्या थिनर, रॉकेल, पेट्रोल कशानेही सुटत नाहीत. पण फेकण्यापूर्वी नळी मधोमध चिरून पाहा. बरेचदा तोंडाजवळचा आणि चकतीजवळचा भागच बसलेला असतो आणि मधला माल ताजा निघतो. तो पट्टीने उचलून त्याच दिवशी एखाद्या फटीत भरा. राहिलेलं रबर चुलीत घालू नका, सुक्या कचऱ्यात टाका.

१८. मग नळी घ्यावीच का? छोटी ट्यूब नाही बरी?

हिशेब करा. ६ मिलिमीटर जाडीची गोल धार ओढली तर २८० मिलिलिटरच्या नळीत साधारण १० मीटर निघते. २४ बाय १८ इंचाच्या सिंकचा घेर जेमतेम २ मीटर. म्हणजे एका सिंकसाठी नळी उघडली की पाचातले चार हिस्से उरणार. एवढंच काम असेल तर ट्यूब घ्या. तिचं तोंड लहान, पिळल्यावर खालून गुंडाळत नेता येते, आत हवा राहत नाही. मिलिलिटरमागे ती महाग पडते, पण चार हिस्से रबर करून फेकण्यापेक्षा स्वस्तच.

काम मोठं असेल तर नळीच घ्या, आणि उघडायच्या आधी घरातले सगळे सांधे, शेजारच्यांच्या खिडक्यांसकट, एकाच दिवशी काढा. शेजाऱ्याची गन मिळाली तर गनचा खर्चही वाचतो.